भिंतीकडची पानं

१

पाचाला पाच कमी असताना काळोखे चहाचा कप खाली ठेवत आणि उठत. खिडकीतली कुंडी दोन्ही हातांनी उचलायची, बाईंच्या पलंगाला वळसा घालून बोळातून मागे न्यायची, अडगळीच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवायची. दार लावायचं. दाराखालच्या फटीत काळ्या कापडाची गुंडाळी पायाने सारायची. सकाळी सात वाजता हेच सगळं उलट्या क्रमाने.

काळोखे हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव भलतंच होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी फारसं वापरलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात काढली, आणि त्यातली बहुतेक डार्करूममध्ये, फिल्मा धूत. वॉर्डातल्या कुणा चावट माणसाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली ‘बाई’ म्हणायची, कारण निम्म्या गल्लीला तिने गणित शिकवलं होतं. काळोखेही तिला बाईच म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने.

मागच्या हिवाळ्यात बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या आणि खुबा मोडला. इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी लेकीने एक कुंडी आणून खिडकीत ठेवली. पॉइन्सेटिया. नखशिखांत लाल. “नाव लिहायला घेतलं तर फळा पुरायचा नाही,” बाई म्हणाल्या आणि आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

उन्हाळ्यापर्यंत ते लाल गळून गेलं आणि झाड साधं हिरवं होऊन बसलं. बाईंचं हाड जुळलं. पण बाई उठल्या नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी ताई दर वेळी तेच सांगायची, “काका, पायात काही दोष नाही. त्यांनी मनावर घ्यायला हवं.” बाईंनी मनावर घेतलं नव्हतं. पलंगाशेजारी वॉकर उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत पडायचे.

एका दुपारी खिडकीकडे बघत बाई म्हणाल्या, “हे परत लाल झालं ना अहो, की मी उठते बघा.”

बोलायचं म्हणून बोलल्या असतील. काळोख्यांनी ते मनावर घेतलं.

नर्सरीवाली पक्की जाणकार होती. “ती फुलं नव्हेत काका, पानंच ती. रात्र मोठी मिळाली की लाल होतात. रोज चौदा तास अंधार द्या. पण अंधार म्हणजे अंधार हं. सुईएवढा उजेड लागला तरी पान हिरवं ते हिरवंच राहणार.”

“अंधाराचं मला सांगू नका,” काळोखे म्हणाले. कैक महिन्यांत कुणाशी इतक्या ऐटीत बोलले नव्हते.

अडगळीच्या खोलीला खिडकी नव्हती. तरी त्यांनी आत उभं राहून दार लावून घेतलं आणि दहा मिनिटं थांबले. डार्करूमचा जुना रिवाज. आत गेल्या गेल्या सगळं काळंच दिसतं, फटी दिसायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. तीन फटी निघाल्या: एक कडीपाशी, एक वरच्या बिजागरीपाशी आणि एक दाराखाली. पहिल्या दोन त्यांनी काळ्या कागदाने बुजवल्या, तिसरीसाठी कापडाची गुंडाळी केली. मग दार लावून पुन्हा दहा मिनिटं उभे राहिले. हात डोळ्यांसमोर धरला. हात नव्हता.

त्यांनी तो अंधार पास केला.

२

दहाव्या की अकराव्या सकाळी दार उघडल्यावर त्यांना वाटलं, झाड जरा पाठमोरं उभं आहे.

झाडाला पाठ नसते. पण शेंडे सगळे मागच्या भिंतीकडे झुकले होते आणि पानं तिकडे तोंड करून होती, एखादी हाक आली की माणसं वळतात तशी. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर खिडकीत बसणारं झाड खिडकीकडे झुकतं, आणि आत ठेवताना आपण ते उलटं ठेवलं असेल.

त्यांनी कुंडीच्या कडेवर खडूने रेघ मारली. रोज सकाळी रेघ खिडकीकडे, रोज संध्याकाळी रेघ दाराकडे. म्हणजे खिडकीकडे झुकलेलं झाड आत दाराकडे झुकलेलं असायला हवं.

संध्याकाळी पाचला ते दाराकडे झुकलेलं होतं. सकाळी सातला भिंतीकडे.

रेघ जिथल्या तिथे होती. म्हणजे कुंडी फिरली नव्हती, झाडच फिरलं होतं. काळोख्यांनी देठांना हात लावून पाहिला. देठ ताठ होते. एक पान नखाने जरासं फाटलं आणि त्यातून पांढरा चीक आला. तो त्यांनी लेंग्याला पुसला.

उजेडाशिवाय झाड वळत नाही, एवढं त्यांना कळत होतं. उजेड तिथे नव्हता, हेही त्यांना कळत होतं. या दोन गोष्टी त्यांनी तीन-चार दिवस डोक्यात वेगवेगळ्या ठेवल्या.

“रोज सकाळी तिथे इतका वेळ काय करता?” बाईंनी पलंगावरून विचारलं.

“झाडाची तब्येत बघतो.”

“माझी इतकी बघितली असती तर धावले असते मी.”

३

चौथ्या आठवड्यात लाली उतरली. दाराकडच्या बाजूला वरची पानं आधी तांबूस झाली, मग दोन-तीन दिवसांत चांगली लालभडक. काळोखे कुंडी खिडकीत ठेवून बाजूला झाले आणि बाईंनी मान उचलून पाहिलं.

“अगबाई! खरंच की!” मग चष्मा घातला. “पण अर्धंच?”

अर्धंच होतं. कुंडीच्या मधोमध दोरी धरून रंगवल्यासारखं. रेघेकडची बाजू लाल, पलीकडची हिरवीगार.

“होईल. तीही बाजू होईल.”

“अर्धं तर अर्धं,” बाई म्हणाल्या. “मग मीही अर्धी उठते.” आणि पांघरूण बाजूला सारून, काळोखे हात द्यायला पुढे व्हायच्या आत, त्या पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. पावलं जमिनीला टेकली तेव्हा त्यांनी ‘गार आहे हो’ म्हटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या दिवशी काळोख्यांनी भिंतीचा विचार केला नाही. बाई बसल्या होत्या, दुसरं काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी मात्र कुंडी पिशवीत घालून ते नर्सरीत गेले. नर्सरीवालीने ती फिरवून फिरवून पाहिली.

“या बाजूला उजेड लागतोय तुमच्या.”

“तिथे भिंत आहे.”

“मग भिंतीत भोक असेल काका.”

“बाहेरची भिंत आहे. तिसरा मजला. पलीकडे नुसती हवा.”

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. बोलताना ती हिरव्या बाजूची पानं बोटांनी उलटून बघत होती. “चोरून येणारा उजेड असा नसतो. एखादं-दुसरं पान हिरवं राहतं. इथे तर कुणीतरी रोज समोर दिवा धरून बसल्यासारखं आहे.”

ती हसली. मग काळोख्यांच्या तोंडाकडे पाहून तिने हसणं थांबवलं.

४

त्यांनी खाली जाऊन इमारतीची ती बाजू पाहिली. कोरी भिंत. गिलावा, पावसाच्या पाण्याचे दोन ओघळ, एक नळ. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर काहीही नाही. वर येऊन त्यांनी आतून भिंत वाजवली. भरीव. हात फिरवला. गार, किंचित खरबरीत, भिंतीसारखी भिंत.

त्या संध्याकाळी ते झाडाबरोबर आत बसले. बाईंना सांगितलं, जुने कागद चाळायचे आहेत. दार लावून, जमिनीवर पाठ दाराला टेकवून बसले. झाड पुढ्यात, भिंत त्याच्या पलीकडे.

पहिली दहा मिनिटं काही नाही. पुढची दहा मिनिटं डोळ्यांत ठिणग्या आणि धुकं. तेही ओळखीचं. नवीन लागलेल्या माणसांना ते पहिल्याच आठवड्यात सांगत, ‘हे तुझ्या डोळ्यातलं आहे, खोलीतलं नाही. घाबरू नकोस.’ बाहेर बाईंचा रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. शब्द कळत नव्हते, फक्त बातम्या देणाऱ्याचा सूर.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पानं दिसत आहेत.

पानं नव्हे, पानांच्या कडा. काळ्यावर त्याहून काळ्या. त्यांच्या मागे जे होतं ते उजेड म्हणण्याजोगं नव्हतं, फक्त काळं जरा कमी पडल्यासारखं झालं होतं. सरळ पाहिलं की नाहीसं व्हायचं, नजर बाजूला नेली की परत यायचं. अंधारात वस्तूच्या शेजारी बघायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. ते बाजूला बघत बसले. कडा हलत नव्हत्या. एकच कड हळूहळू सरकत होती, आणि ती पानाची असावी असं त्यांना वाटलं.

“अहो!” बाईंनी हाक मारली. “कागदात झोपलात का?”

त्यांनी दार ढकललं, आणि खोलीत स्टूल, कुंडी आणि भिंत होती.

५

डोळा खोटं बोलतो. फिल्म बोलत नाही.

इस्पितळात आता फिल्म उरली नव्हती. सगळं पडद्यावर. पण काळोख्यांच्या हाताखाली शिकलेला एक माणूस, आता पन्नाशीचा आणि टक्कल पडलेला, गुराढोरांच्या दवाखान्यात काम करत होता, आणि तिथे अजून जुनी पद्धत चालू होती. त्याच्याकडून त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली एक मोठी फिल्म आणली.

खोलीत उजेड शिरतो का हे तपासायची रीत सोपी असते. फिल्म उघडी ठेवायची आणि धुऊन पाहायची. अंधार खरा असेल तर फिल्म कोरी निघते, उजेड असेल तर काळी. मध्ये काही आलं असेल तर त्याची जागा पांढरी राहते. काळोख्यांनी फिल्म दाराच्या आतल्या बाजूला उभी चिकटवली, झाडाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. हे सगळं त्यांनी पुढच्या खोलीचं दार लावून चाचपत केलं, दिवा न लावता. चौतीस वर्षांची सवय.

सकाळी सातला, ते दार आणि बोळातला दिवा बंद ठेवून, त्यांनी तितक्याच अंधारात ती परत गुंडाळली.

दवाखान्याच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली दोघं उभे राहिले. शिष्याने फिल्म औषधात बुडवली. “सर, कशाचा एक्स-रे आहे?”

“झाडाचा,” काळोखे म्हणाले.

तो आदराने हसला. औषधात फिल्म काळी होऊ लागली आणि त्याचं हसणं थांबलं. काळ्यात पानं उमटत होती, पांढरी, एकूणएक. दातेरी कडा, देठ, एका पानाला नखाने पडलेली चीरसुद्धा. दाराच्या फटीतून आलेला उजेड अशी रेखीव सावली पाडत नाही. भिंतीच्या बाजूला, एका ठिकाणी, छोटा दिवा असावा लागतो.

धुतलेली फिल्म शिष्याने मागून दिवा असलेल्या काचेवर लावली. झाडाच्या डाव्या अंगाला, एका पानाला खालून आधार देत, बोटं होती.

“तुमचा हात आलाय सर,” शिष्य म्हणाला. “फिल्म धरताना आला असेल.”

“हो. आला असेल.”

शिष्य हात पुसायला वळला. काळोखे फिल्मजवळ गेले. त्यांनी आयुष्यात हजारो हात पाहिले होते. मोडलेले, सुजलेले, संधिवाताने वाकलेले. हाताची फिल्म समोर आली की ते आपोआप मोजायचे. तशी पेरं मोजली. मग पुन्हा मोजली. प्रत्येक बोटाला एक पेर जास्त होतं.

आणि बोटं रेखीव होती. ती गोष्ट त्यांना घरी जाताना रस्त्यात सुचली आणि ते फुटपाथच्या कडेला उभे राहिले. रोग्याने श्वास घेतला तरी फिल्म अंधुक येते. म्हणून तर सारखं ओरडावं लागतं, हलू नका, हलू नका. ज्याची बोटं इतकी रेखीव आली होती त्याचा दिवा एखादाच क्षण लागला असेल. नाहीतर चौदा तास तो हललाच नव्हता.

६

त्या संध्याकाळी झाड अडगळीत गेलं नाही. काळोख्यांनी एक मोठं खोकं आणलं, आतून काळा कागद डकवला आणि पाच वाजता बाईंच्या पलंगाशेजारीच कुंडीवर उपडं घातलं.

“तिथे काय झालं?” बाईंनी विचारलं.

“ओल आलीय.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकलेली बाई होती ती. काळोख्यांनी अडगळीच्या खोलीला कडी घातली. कुलूप शोधलं, सापडलं नाही.

पंधरा दिवसांत राहिलेली बाजूही लाल झाली. पूर्ण. खिडकीत जाळ पेटल्यासारखी. व्यायामवाली ताई आली त्या दिवशी बाईंनी वॉकरवरचे टॉवेल स्वतः काढून काळोख्यांच्या हातात दिले आणि उभ्या राहिल्या. खिडकीपर्यंत सात पावलं गेल्या, सात परत. ताईने टाळ्या वाजवल्या. लेकीला फोन लावला तर ती तिकडे रडायला लागली आणि बाई इकडून तिला रागवायला लागल्या. काळोखे स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले, आपला आवाज कुणाला जाऊ नये म्हणून.

सगळं बरं चाललं होतं. एवढंच की बाई आता डाव्या कुशीवर झोपायला लागल्या.

डावा खुबा मोडलेला. त्या अंगावर वळायची त्यांना आठ महिने हिंमत नव्हती. त्या कुशीवर वळलं की तोंड भिंतीकडे यायचं, आणि त्या भिंतीपलीकडे अडगळीची खोली होती. पहिल्या सकाळी काळोख्यांना आनंदच झाला. पाचव्या सकाळी त्यांनी पाहिलं की बाईंची उशी भिंतीला टेकली आहे आणि बाईंचं कपाळ, हनुवटी, गुडघे, सगळं तिकडे ओढल्यासारखं झालं आहे.

“अशा का झोपता? अवघडाल.”

“बरं वाटतं हो. ऊब येते.”

“कसली ऊब? पलीकडे अडगळ आहे.”

“कोवळं ऊन अंगावर येतं ना, तशी,” बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर झोप होती आणि कसलं तरी समाधान. “तुम्ही हात लावून बघा.”

काळोख्यांनी भिंतीला हात लावला. भिंत गार होती.

त्यांनी लेकीला फोन केला. म्हणाले, आम्ही थोडे दिवस तुझ्याकडे येतो, घरात ओल फार झालीय. ती म्हणाली, बाबा, रविवारी गाडी घेऊन येते. रविवारला तीन दिवस होते.

७

शनिवारी दुपारी बाईंनी त्यांना नर्सरीत पिटाळलं. झाडाची माती खाली बसली होती, थोडी नवी माती हवी होती. नर्सरीवाली बोलघेवडी. निघायला उशीर झाला. काळोखे जिना चढून घरात शिरले तेव्हा पाच वाजून गेले होते. पलंग रिकामा होता. खोकं आडवं पडलं होतं आणि झाड उघडं, लाल, खिडकीत.

“बाई?”

बोळाच्या टोकाला वॉकर उभा होता, एकटा, अडगळीच्या दारासमोर. दार बंद होतं. दाराखाली काळी गुंडाळी सारलेली होती, आतल्या बाजूने.

त्यांनी दार ओढलं. बाई आत उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाठ करून. कशालाही न धरता ताठ उभ्या होत्या, इतक्या ताठ की पडण्याच्या आधीही त्या अशा उभ्या राहत नसत. स्टूल बाजूला सारलं होतं.

“दार लावा अहो,” त्या न वळता म्हणाल्या. “उजेड आत येतोय.”

“बाहेर या.”

“थोडा वेळ. नीट बघू तर द्या.”

“काय बघायचंय तिथे?”

“मी नाही हो,” बाई म्हणाल्या. “मी कुठे बघतेय?”

काळोखे आत गेले. त्यांच्यामागे दार आपल्या भाराने मिटत आलं, बोळातला उजेड निमूट बारीक झाला आणि संपला. त्यांनी बाईंचा दंड धरला. दहा मिनिटं लागायला हवी होती, पण त्यांना लगेच दिसलं. बाईंच्या गालाची कड, पापण्या, कानामागची पांढरी बट. समोरून त्यावर उजेड येत होता, दुधात पाणी घातल्यासारखा. त्या उजेडात काहीतरी पुढे आलं, सावकाश, फार जपून, आणि त्याची सावली बाईंच्या केसांवर पडली. झाडावरचं वाळकं पान काढताना माणूस हात नेतो तसं ते बटेपाशी थांबलं.

माणसाच्या आत काय काय असतं ते काळोख्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधी तोंड फिरवलं नव्हतं. या वेळी ते भिंतीकडे वळून पाहू शकले नाहीत. त्यांनी बाईंना कवेत घेतलं आणि पाठीने दार ढकलून बाहेर ओढलं. बाई जड झाल्या होत्या. पाय नव्हे, सगळंच अंग, रुजल्यासारखं. “दुखतंय हो,” त्या म्हणाल्या, लहान मुलीसारख्या. मग एकदम सुटल्या आणि दोघं बोळात खाली बसले.

त्यानंतर काळोख्यांनी जे केलं ते का केलं, हे त्यांना पुढेही कधी धडपणे सांगता आलं नाही. ते उठले, खिडकीतलं झाड आणलं, डोळे मिटून आत गेले, चाचपत स्टूल जागेवर ओढलं आणि त्यावर कुंडी ठेवली. दार लावलं. कडी घातली. गुंडाळी सारली. मग लेकीला फोन करून म्हणाले, “रविवार नको. आत्ता ये.”

८

लेकीच्या घरी बाई सुधारल्या. महिन्याभरात वॉकर सुटला आणि काठी आली, आणि काठीही बहुतेक वेळा कोपऱ्यात. कुशीचं काही राहिलं नाही, पाठीवर झोपायच्या. त्या संध्याकाळचं त्यांना एवढंच आठवत होतं की आपण चालत मागच्या खोलीपर्यंत गेलो आणि चक्कर आली. काळोख्यांनी त्यात भर घातली नाही.

घर बंद होतं. वीज लेकीने तोडायला लावली होती. चार महिन्यांनी बाईंची इस्पितळातली जुनी फाईल हवी झाली. एका सकाळी दहाच्या सुमारास लेक गाडीत खाली थांबली आणि काळोखे किल्ली घेऊन वर गेले. सवयीने त्यांनी आत आल्यावर दार ओढून घेतलं. पुढच्या खोलीत एक खिडकी किलकिली करून फाईल शोधली, खिडकी पुन्हा घट्ट लावली. फाईल काखोटीला मारून ते बोळात आले.

डावीकडे बाहेरचं दार होतं. ते उजवीकडे वळले.

एवढंच बघायचं होतं की झाड मेलंय. चार महिने पाणी नाही, ऊन नाही. वाळक्या काड्या असतील, माती दगड झालेली असेल. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की हा विषय संपला, असं त्यांनी मनाला सांगितलं. भिंतीला हात लावून चालत गेले, कडी काढली, दार ओढलं.

झाड दुपटीने वाढलं होतं. खोलीच्या मध्यावर स्टुलावर ते गोल, भरघोस उभं होतं, एक वाळकं पान नाही, एक फांदी वेडीवाकडी नाही. मातीला ओल होती. ते कुठेही झुकलेलं नव्हतं. आणि ते हिरवं होतं. भिंतीकडे हिरवं, दोन्ही अंगांना हिरवं, दाराकडेही तसंच हिरवं.

काळोख्यांचं डोकं जुन्या सवयीने चालू लागलं. भिंतीकडून उजेड आला तर भिंतीकडची बाजू हिरवी. सगळीकडून हिरवं म्हणजे सगळीकडून उजेड. दाराकडूनही. म्हणजे तो दिवा आता भिंतीशीच बसलेला नाही.

मग त्यांना दुसरी गोष्ट कळली. खिडक्या बंद होत्या. दार बंद होतं. वीज नव्हती. इतक्या अंधारात माणसाला कडा दिसतील, आकार दिसेल, पण रंग दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. त्यांना हिरवा दिसत होता.

झाडावर, मधोमध, त्यांची स्वतःची सावली पडली होती.

ती हळूहळू लहान होत होती. मागचा दिवा जवळ येत असला की सावली मोठी होते, उंच उचलला की लहान होते. कुणीतरी दिवा वर उचलत होतं, त्यांना नीट पाहता यावं म्हणून.

काळोख्यांनी डोळे मिटले. नव्या माणसांना शिकवायचे तेच स्वतःला सांगितलं: घाई नाही, हात भिंतीला, पावलं मोजायची. बोळ त्यांना पाठ होता. ते मिटल्या डोळ्यांनी वळले. पापण्यांच्या आतून लाल दिसत होतं, उन्हाकडे तोंड केल्यावर दिसतं तसं. चेहऱ्यावर ऊब आली. ते त्या उबेच्या अगदी शेजारून गेले, बाही कशाला तरी घासली, आणि ते मोजत राहिले. अकराव्या पावलाला दाराची मूठ हाताला लागली.

जिन्यात ऊन होतं. फाईल अजून काखेत होती.

लेकीच्या घरी बाई भाजी निवडत बसल्या होत्या. “मिळाली का?” त्यांनी विचारलं. मग, फाईल बाजूला ठेवत, “आणि माझं झाड? गेलं असेल ना बिचारं?”

काळोख्यांनी बाहीकडे पाहिलं. तिथे पांढरा चीक लागला होता.

“नाही,” ते म्हणाले. “चांगलं हिरवंगार आहे.”

“हो?” बाईंचा चेहरा उजळला. त्या पुन्हा भाजीकडे वळल्या. “मग बरं झालं. म्हणजे कुणीतरी बघतंय त्याच्याकडे.”